नॉटलेस ब्रेड्स शिकायच्यात? मग आधी हात सैल करा

तीन पेडांची वेणी येते ना, मग नॉटलेसमध्ये (म्हणजे मुळाशी गाठ न मारता खोटे केस गुंफलेल्या वेण्यांमध्ये) एवढं काय, असं मला पण वाटलं होतं. पहिली वेणी घातली आणि मुळापासून अर्ध्या इंचावर हा एवढा फुगवटा, म्हणजे जी गाठ टाळायची म्हणून सगळा खटाटोप केला ती गाठ तिथेच, फक्त जरा खाली सरकलेली. मग कळलं की यात वेणी घालणं हा सोपा भाग आहे, अवघड आहे ते खोटे केस कधी, किती आणि कुठून आत घ्यायचे ते, आणि त्याहून अवघड म्हणजे हात न आवळता हे सगळं करणं.

आधी फरक समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. साध्या बॉक्स ब्रेड्समध्ये (डोक्यावर भांगांनी चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची एक वेणी) एक्स्टेंशनचे केस (आपल्याकडचं गंगावनच म्हणा, फक्त प्लॅस्टिकचं) अगदी मुळाशी गाठ मारून अडकवतात, म्हणून प्रत्येक चौकोनाच्या तोंडाशी बारीक टेंगूळ दिसतं आणि पूर्ण वेणीचं वजन पहिल्या दिवसापासून त्या एका जागी लटकतं. नॉटलेसमध्ये सुरुवात स्वतःच्या केसांनी करायची, दोनतीन वळसे झाले की बारीकशी बट आत घ्यायची, मग अजून थोडी जाड, मग अजून थोडी, असं करत वेणी हळूहळू जाड होत जाते. मूळ सपाट राहतं, वेणी पहिल्याच दिवशी इकडून तिकडे हलते, आणि झोपताना डोकं दगडावर ठेवल्यासारखं होत नाही. पण वजन कुठे गायब होत नाही हां. कमरेच्या खालपर्यंत जाड जाड वेण्या घातल्या तर नॉटलेस असो नाहीतर काहीही असो, मुळांना ओढ बसणारच.

हा प्रकार मुळात आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी आणि त्यांच्याच हातांनी घडलेला आहे. केसांच्या प्रकारांचा जो चार्ट सगळीकडे फिरत असतो त्यातले टाइप ३ आणि टाइप ४, म्हणजे स्प्रिंगसारखे गुंडाळणारे केस. अशा केसांची एकमेकांवर पकड असते, म्हणून गाठ न मारता पण वेणी मुळाशी टिकते. केस सरळ आणि गुळगुळीत असतील तर तीच वेणी चार दिवसांत घसरायला लागते, मग ती घसरू नये म्हणून घालणारी जास्त आवळते, आणि मग सगळा मुद्दाच संपला. तेव्हा सरळ केसांवर शिकत असाल तर आधीच मान्य करा की ते टिकणार कमी. आणि अजून एक, याच वेण्यांवरून अमेरिकेत लोकांना शाळेतून, नोकरीतून बाहेर काढलं गेलंय, इतकं की २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने क्राउन अ‍ॅक्ट नावाचा कायदा करून केसांच्या पोतावरून आणि ब्रेड्स, लॉक्स (जटांसारखे वळलेले केस), ट्विस्ट्स (दोन पेडांचे पीळ) अशा स्टाइलवरून भेदभाव करायला बंदी घातली, आणि मग बाकीची बरीच राज्यं एकेक करून मागून आली. हे माहीत असावं, म्हणजे कुणी 'कसली ही फॅशन' म्हणालं तर उत्तर देता येतं.

आता सामान. शेपटीचा कंगवा हवा, शेपटी धातूची असेल तर भांग सुरेख पडतो, प्लॅस्टिकची असेल तर जरा वाकते. मोठे चाप सात-आठ. पाण्याचा स्प्रे. रुंद दातांचा कंगवा वेगळा. ब्रेडिंग जेल, ज्याला सगळे जॅम म्हणतात, ते घट्टसर मेणासारखं असतं आणि त्याच्याशिवाय मूळ नीट बसत नाही. शेवटी मारायला मूस (केस बसवायचा फेस), एक सॅटिनचा स्कार्फ, कात्री आणि गरम पाण्यासाठी उंच भांडं. केस घेताना पाकिटावर प्री-स्ट्रेच्ड लिहिलंय का बघा, म्हणजे टोकं आधीच खालीवर करून निमुळती केलेली असतात. नसतील तर स्वतः करावं लागतं, जुडी दोन्ही हातांत धरून थोडी थोडी विरुद्ध दिशेला ओढत राहायचं म्हणजे टोकं एका रेषेत कापल्यासारखी राहत नाहीत. कंटाळवाणं काम आहे पण टाळलं तर वेणीचं टोक झाडूसारखं दिसतं.

बहुतेक ब्रेडिंग हेअर कानेकॅलॉनचं असतं, हा जपानच्या कानेका कंपनीचा सिंथेटिक धागा. पाकिटातून काढून तसंच डोक्याला लावलं की कित्येकींना खाज सुटते, त्यावरच्या लेपामुळे. म्हणून आदल्या दिवशी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून जुडी बुडवून ठेवायची, पाण्यावर पांढरट तवंग येतो, मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायची आणि लटकवून वाळवायची. रबरबँड काढू नका, नाहीतर गुंता सोडवताना रडाल. पण व्हिनेगरने सगळंच निघून जातं असं समजू नका. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने १० सिंथेटिक ब्रेडिंग हेअर तपासले तर दहाच्या दहांमध्ये कॅन्सरशी संबंध असलेली रसायनं सापडली आणि ९ मध्ये शिसं. घाबरवायचं म्हणून नाही सांगत, पण घालताना खिडकी उघडी ठेवा, झाल्यावर हात धुवा, आणि दोन्ही हात गुंतलेत म्हणून बट दातात धरायची सवय असेल (मला होती) तर ती आजच सोडा.

आता कुणाला घालू नये ते. डोक्यावर कुठे टक्कल पडतंय, खपल्या आहेत, जखम आहे, नुकतंच बाळंतपण झालंय आणि मूठमूठ केस गळतायत, नुकतंच ब्लीच किंवा रिलॅक्सर (कुरळे केस सरळ करायचं रसायन) केलंय, तर थांबा. केस निदान दोन-तीन इंच तरी हवेत, त्याहून लहान असतील तर अनुभवी बाई घालेल पण शिकणारीच्या बोटातून सुटत राहतील.

केसांची तयारी म्हणजे निम्मं काम. स्वच्छ शाम्पू, मग भरपूर कंडिशनर, मग रुंद कंगव्याने टोकाकडून वर असं सोडवत यायचं, थोडं लीव्ह-इन (न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर) लावायचं, आणि ब्लो ड्राय करून केस ताणून सरळसे करायचे. पूर्ण वाळू द्या. ओल्या केसांवर वेणी घातली तर वाळताना केस आक्रसतात, म्हणजे वेणी आपोआप घट्ट होते, वर आतमध्ये ओल राहून कुबट वास येतो तो वेगळाच. तेल थापू नका, बोटं घसरतात.

डोक्यावर बसायच्या आधी खुर्चीवर बसा, म्हणजे केस खुर्चीला बांधा. जुडीतून एक बट काढून खुर्चीच्या पाठीला बांधायची, ती झाली 'आपले केस', आणि आत घ्यायला दुसऱ्या रंगाची जुडी घ्यायची, काळ्यावर लाल किंवा सोनेरी काहीही. दोन रंगांमुळे कुठे जास्त घेतलंय, कुठली बट सुटलीय, कुठे एकाच बाजूला जाड झालंय हे लगेच दिसतं, सगळं काळं असेल तर काहीच कळत नाही. मी आठवडाभर रोज पाच-सहा वेण्या अशा घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा फुगवटा न येता वेणी झाली तेव्हा खुर्चीचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला होता.

आता खरं काम, नीट वाचा आणि शक्यतो हातात बट घेऊन वाचा. समजा चौकोन पाडून झालाय (तो कसा ते पुढे सांगते). चौकोनाच्या मुळाशी जॅम लावा, नखाएवढं पुरे, आणि कडेकडेचे केस शेपटीने आत ओढून गुळगुळीत करा. केसांचे तीन सारखे पेड करा. आता वेणी घालायची ती पेड खालून घेऊन, म्हणजे उजवा पेड मधल्याच्या खालून मध्ये आणायचा, मग डावा मधल्याच्या खालून मध्ये. आपण सवयीने वरून घेतो, पण खालून घेतलं की केस आत घेणं सोपं जातं आणि वेणी जरा गोल दिसते. वरून घेऊन पण चालतं, ज्यांना तीच सवय पक्की आहे त्यांनी उगाच बदलू नका.

असे दोन-तीन वळसे फक्त स्वतःच्या केसांचे. बोटं टाळूच्या अगदी जवळ ठेवा पण ओढू नका. हा मुद्दा सांगायला सोपा आणि करायला महाकठीण आहे, कारण आपल्याला वाटतं घट्ट म्हणजे नीटनेटकं. बोटांची पकड पेडांवर हवी, टाळूवर नको. म्हणजे पेड एकमेकांवर घट्ट बसवायचे, पण अख्खी वेणी डोक्यापासून बाहेर खेचायची नाही. वेणी ज्या दिशेला पडणार आहे त्याच दिशेला हात ठेवून घाला. वेणी खाली लोंबणार आहे आणि तुम्ही हात वर करून घातली, तर ती नंतर खाली पडली की मुळाशी वाकून ओढ बसते.

आता पहिली बट. ती किती बारीक? लोकरीच्या धाग्याएवढी. तुम्हाला जेवढी बारीक वाटते त्याच्या अर्धी घ्या, गंमत नाही करत, पहिल्या फुगवट्याचं नव्वद टक्के कारण हेच असतं. बट मधोमध दुमडा, पण दोन्ही टोकं अगदी सारखी नकोत, एक जरा लांब एक आखूड. ती दुमड मधला पेड आणि बाजूचा पेड यांच्या मधल्या बेचक्यात बसवायची, एक अर्धा भाग मधल्या पेडाबरोबर, दुसरा अर्धा बाजूच्या पेडाबरोबर. आणि लगेच, थांबायचं नाही, तोच बाजूचा पेड मधल्याच्या खालून घ्यायचा. तो वळसाच ती बट लॉक करतो. इथे थांबून बघत बसलात की बट घसरते, मग ती पकडायला आपण ओढतो. त्यामुळे बट बसवणं आणि वळसा घेणं हे एकाच दमात.

एक-दोन वळसे झाले की दुसरी बट, आता दुसऱ्या बाजूने, पहिलीपेक्षा जराशी जाड. मग परत वळसे, मग तिसरी, ती अजून जाड. डावी-उजवी आलटून पालटून घ्यायची नाहीतर एक पेड दोरखंड आणि एक पेड सुतळी असं होतं आणि वेणी पिळवटते. मध्यम जाडीच्या वेणीला तीन ते चार वेळा बट घेतली की बास. चौथ्यानंतर तीनही पेड बघा, सारखे नसतील तर जाड पेडातले थोडे केस बारीक पेडात सरकवा, तो वळसा घेताना सहज जमतं. त्यानंतर साधी वेणी, शेवटपर्यंत. तुमचे खरे केस मध्येच संपतात तिथे बारीक टोकं बाहेर डोकावतात, तिथे बोटाला जॅम लावून दाबत जा.

चुका ओळखायच्या कशा, तर जिथे वेणी एकदम जाड होते तिथे बट जास्त झाली. जिथे दुमडीचं बारीक तोंड वरून दिसतंय तिथे बट वर राहिली, बेचक्यात खोल बसली नाही. मुळाशी वेणी लुळी पडून खोटे केस खाली सरकतायत तर बट फार लवकर घेतली किंवा वळसा उशिरा घेतला. आणि चौकोनाभोवतीची कातडी तंबूसारखी वर आलीय, छोटे छोटे पुरळासारखे दाणे दिसतायत, तर वेणी आवळलीय. ती उसवायची. दुसऱ्या दिवशी सैल होईल म्हणून सोडून द्यायची नाही.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते, कारण 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल' हे नाव ऐकून लोक निर्धास्त होतात. वेण्या केसांना वाचवतात ते रोजच्या विंचरण्यापासून, घासण्यापासून, उष्णतेपासून. ओढीपासून वाचवत नाहीत, उलट ओढ त्यांच्यातूनच येते. सतत ओढ बसून केस जातात त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात आणि ही काही आजची गोष्ट नाही, १९०७ मध्ये ट्रेबिच नावाच्या ऑस्ट्रियन संशोधकाने ग्रीनलंडमधल्या बायकांमध्ये हे टिपलं होतं, त्या केस वर ओढून घट्ट बांधायच्या. म्हणजे केस कुठल्याही जातीचा असो, रोज ओढला तर मुळाला तेच होतं. सुरुवातीला लक्षात आलं आणि ओढ थांबवली तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग काही उगवत नाही. सगळ्यात आधी जातात ते कपाळाच्या कडेचे आणि कानशिलाजवळचे. तेव्हा घालताना समोरचीला सारखं विचारा, दुखतंय का. 'थोडंसं चालतं' म्हणाली तरी सैल करा. आणि घालून झाल्यावर गोळी घेऊन झोपावं लागत असेल तर गोळी घ्यायच्या ऐवजी त्या वेण्या सोडा.

मी पहिल्यांदा माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर पूर्ण सेट केला तेव्हा मागच्या वेण्या मस्त सैल झाल्या, पण पुढे येईपर्यंत मी दमले होते आणि दमलं की माणूस ओढतं. रात्री ती हसली तरी भुवया दुखतायत म्हणाली. समोरच्या दोन ओळी सगळ्या उसवल्या, रात्री एक वाजता, दोघी चिडलेल्या. तेव्हापासून नियम केलाय, पुढचा भाग ताज्या हातांनी दुसऱ्या दिवशी.

बरं, चौकोन. डोक्याचे चार भाग करा, मधोमध एक भांग कपाळापासून मानेपर्यंत आणि एक कानापासून कानापर्यंत. तीन भाग चापाने वर. सुरुवात मानेजवळून, एक आडवी ओळ पाडा, तिचे चौकोन करा. शिकणाऱ्यांनी बाजूला साधारण एक इंच धरावा. मोठा चौकोन घेतला तर टाळू जास्त दिसते, अगदी बारीक घेतला तर वेण्या शंभरावर जातात आणि तुम्ही मधेच सोडून द्याल. पुढची ओळ घेताना चौकोन विटांसारखे बसवा, म्हणजे खालच्या दोन चौकोनांच्या मधल्या रेषेवर वरचा चौकोन यायला हवा. सगळे चौकोन एकावर एक सरळ रांगेत ठेवले तर केस खाली सोडल्यावर डोक्यावर रस्ते दिसतात, विटांसारखे ठेवले तर वरची वेणी खालची रेघ झाकते. भांग पाडताना कंगव्याची शेपटी कातडीला अलगद टेकवून एका दमात ओढा, थांबत थांबत ओढली की रेघ नागमोडी होते.

पण मानेजवळचे केस आणि कपाळाच्या कडेचे केस हे बारीक आणि नाजूक असतात. तिथे चौकोन जरा मोठा आणि वेणी जरा बारीक, म्हणजे कमी खोटे केस. उलटं करू नका. आणि कडेची ती बाळकेसांची झालर वेणीत घ्यायचीच नाही, तिला मोकळं सोडा.

वेळेचा हिशोब आधी करा म्हणजे नंतर भांडणं होत नाहीत. एक इंची चौकोनाने साधारण ६० ते ७० वेण्या होतात. शिकाऊ हाताला एका वेणीला १० मिनिटं धरली तर ६० वेण्यांचे झाले १० तास, आणि यात भांग पाडणं, चहापाणी, फोन काहीच धरलं नाहीये. म्हणून दोन दिवसांत वाटून घ्या. खुर्चीची उंची अशी ठेवा की समोरचीचं डोकं तुमच्या छातीच्या लेव्हलला येईल, कोपर खाली राहतील. खांदे वर करून चार तास घातलं की दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. दर तासाला मनगटं फिरवा.

स्वतःच्या डोक्यावर घालायचं असेल तर आरसा पुढच्या भागासाठी ठेवा, मागे आरशात बघून घालायला गेलात की डावं-उजवं उलटं होऊन डोकं फिरतं. मागचा भाग डोळे मिटून, बोटांवर विश्वास ठेवून घाला. भांग मात्र कुणाकडून तरी पाडून घ्या, ते एवढं एक काम दुसऱ्याच्या हातून चांगलं होतं. आणि बटा आधीच वेगळ्या करून, जाडीप्रमाणे तीन ढीग करून मांडीवर ठेवा, नाहीतर दर वेणीला एका हाताने मूळ धरून दुसऱ्या हाताने जुडीतून केस उपटत बसाल.

सगळ्या वेण्या झाल्या की टोकं गरम पाण्यात. पाणी उकळून गॅसवरून खाली उतरवा, उंच भांड्यात घ्या, वेण्यांचे चार-पाच झुपके करून एकेक झुपका फक्त खालचा भाग दहा-पंधरा सेकंद बुडवा, काढून टॉवेलमध्ये दाबा. सिंथेटिक धागा उष्णतेने बसतो आणि टोकं उसवत नाहीत. अंगावर, मानेवर जाड टॉवेल हवाच, आणि समोरचीला हलू नको सांगा, भांडं मांडीवर घेऊन हे करायचं नाही. लायटरने टोकं जाळणारे पण आहेत, त्याने कडक गोळा होतो आणि तो कपड्यांना आणि मानेला टोचत राहतो, मला ते पटत नाही. खरे मानवी केस वापरले असतील तर गरम पाण्याचा काही उपयोग नाही, तिथे टोक बारीक रबराने बांधा किंवा मोकळं कुरळं सोडा. मग सगळीकडे मूस, मुळाजवळ हाताने दाबून स्कार्फ बांधा, वीस मिनिटांनी सोडला की उडते केस बसलेले असतात. बाहेर आलेले तुरळक केस कात्रीने कापताना वेणीला समांतर धरा, आडवी धरली की वेणीच कापाल.

नंतरची काळजी फार नाही. रात्री सॅटिनचा स्कार्फ किंवा टोपी. पहिला आठवडा वर ओढून अंबाडा नको, हलतात म्हणून लगेच बांधायची घाई करू नका. दोन आठवड्यांनी धुवायचं, शाम्पू पाण्यात पातळ करून बाटलीने चौकोनांच्या रेघांवर सोडायचा, बोटांच्या पेरांनी चोळायचा, वेण्या घासायच्या नाहीत, पाणी वरून खाली जाऊ द्यायचं. आणि वाळवणं महत्त्वाचं, वेणीच्या पोटातली ओल लवकर जात नाही, गार हवेचा ड्रायर फिरवा. हलकं तेल आठवड्यातून एकदोनदा रेघांवर, दोन थेंब.

सहा आठवडे झाले की काढायचा विचार सुरू करा, आठच्या पुढे नको. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तोपर्यंत मुळाशी दीड-दोन सेंटिमीटर मोकळे केस झालेले असतात आणि वेणीचं वजन त्या बारीक भागावर लोंबायला लागतं, तिथेच गुंता होऊन जट बनते. पुढच्या ओळी आधी खराब दिसतात, चौथ्या आठवड्यात फक्त त्या दोन ओळी नव्याने घातल्या तर बाकीच्या चालतात.

काढताना घाई केलीत तर आत्तापर्यंत जपलेलं सगळं एका संध्याकाळी जाईल. तुमचे खरे केस कुठपर्यंत येतात ते घालायच्या आधीच मोजून ठेवा, हनुवटीपर्यंत, खांद्यापर्यंत, जे असेल ते लिहून ठेवा, आणि कात्री त्याच्या चांगली चार बोटं खालीच चालवा. दोन महिन्यांत ही गोष्ट हमखास विसरायला होते. मग कंगव्याच्या शेपटीने खालून वर उसवत यायचं. मुळाशी राखाडी मळाचं कडं जमलेलं असतं, तिथे थोडं तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी मोकळं करायचं, आणि पाण्याचा थेंब लागायच्या आधी सगळे केस विंचरून घ्यायचे, कारण गुंता असताना धुतलं की त्याची जट होते आणि मग कात्रीच.

विंचरताना केसांचा जो ढीग निघतो तो बघून पहिल्यांदा माझ्या बहिणीचा चेहरा पांढरा पडला होता. हिशोब करा, माणसाचे रोज ५० ते १०० केस असेही गळतात, एरवी ते उशीवर, कंगव्यात, बाथरूममध्ये जातात, वेणीत मात्र अडकून बसतात. सहा आठवड्यांचे ४२ दिवस, म्हणजे २,१०० ते ४,२०० केस एकदम हातात येणार. टोकाला बारीक पांढरा ठिपका असलेले लांब केस म्हणजे ते आपणहून गळालेले. आखूड आखूड तुकडे जास्त दिसले, किंवा एकाच जागी विरळ झालं असेल, तर ते मोडलेत किंवा ओढीने गेलेत. ती जागा लक्षात ठेवा, फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तिथे चौकोन मोठा, वेणी बारीक, आणि मधे निदान दोन आठवडे केस मोकळे.